बुरशी तीच, बाळ वेगळे

बेळगावचा पाऊस कौतुकाचा खरा. पण मृग लागून आठ-पंधरा दिवस उलटले, की बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात एक निराळेच पीक डोलू लागते. कपडे आठवडाभर वाळत नाहीत, शाळेचे गणवेश दमट असतानाच अंगावर चढतात आणि बूट आतून कधी कोरडे होत नाहीत. मग मानेवर, कमरेच्या नाडीखाली, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू होते. खानापूर-चंदगडकडच्या आया सांगतात, 'डॉक्टर, पोराला नायटा आलाय.' आणि बहुधा त्यांचे निदान बरोबर असते.

आपल्या भाषेत या विकारांसाठी शब्दांची वाण नाही. नायटा, गजकर्ण, शिबे, चिखल्या हे सारे शब्द बुरशीने त्वचेवर काढलेल्या निरनिराळ्या नक्षीची नावे आहेत. 'चाई' या एका शब्दात मात्र दोन वेगळे आजार मिसळले आहेत. एकात बुरशीमुळे केस तुटतात, तर दुसऱ्यात बुरशीचा काहीही संबंध नसताना केस गळून गुळगुळीत टक्कल पडते. पावसाळ्यात बांधाबांधावर उगवणारा टाकळा आपण भाजी म्हणून खातो. त्याचे संस्कृत नाव 'दद्रुघ्न', म्हणजे नायट्याचा नाश करणारा. तेव्हा हा आजार आपल्याला नवा नाही.

इतका परिचित विषय स्मरणिकेसाठी का निवडला, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत घडलेली एक घटना आहे. आजवर ती मी लिहून काढलेली नव्हती.

एका बाळाची गोष्ट

1999 साल असावे. एम. डी. होऊन मी नुकताच दवाखाना थाटला होता. दोन महिन्यांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई आली. बाळाच्या जिभेवर आणि गालांच्या आत पांढरा, दह्यासारखा थर होता. बोळ्याने पुसून तो निघत नव्हता. जोर केल्यास खालची जागा लाल होऊन किंचित रक्त येत होते. कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा हा संसर्ग, म्हणजे थ्रश. इतक्या लहान बाळांत तो नेहमी दिसतो. मी थेंब लिहून दिले. आठ दिवसांनी थर कमी झाला.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. थर परत आला होता. दुपट्याच्या जागीही लाल पुरळ होते. मी तेच थेंब आणि एक मलम दिले. तिसऱ्या खेपेस औषध बदलले, आईच्या स्तनाग्रांनाही लावण्यास सांगितले, बाटलीच्या स्वच्छतेवर छोटे व्याख्यान दिले. यातले काहीच चुकीचे नव्हते. बाळाचे वजन फारसे वाढले नाही, जुलाब अधूनमधून होतात, हे मी नोंदवले. पण दूध वरचे आहे, असे म्हणून मनाचे समाधान करून घेतले. रक्त तपासले. पांढऱ्या पेशींची एकूण संख्या 5200 आली. संख्या कमी नाही, वाढलेलीही नाही, असे म्हणून मी कागद बाजूला ठेवला.

साडेचार महिन्यांचे असताना बाळाला धाप लागली. मोठ्या रुग्णालयात हलवले. छातीच्या क्ष-किरण चित्रात दोन्ही फुप्फुसे झाकोळलेली होती. एच. आय. व्ही. ची तपासणी निर्दोष आली. सहाव्या दिवशी बाळ गेले.

पंधरवड्याने ती माऊली कागदपत्रे न्यायला आली. रागावली नव्हती. जाता जाता एवढेच म्हणाली, 'माझा एक भाऊ असाच गेला होता, आई सांगते. त्याचं पण तोंड सारखं पांढरं असायचं.'

त्या रात्री मी तो रक्ताचा कागद पुन्हा काढला. एकूण पेशी 5200, त्यांत लिम्फोसाइट 18 टक्के. गुणाकार केला, तर घनमिलीमीटरमागे सुमारे 940. त्या वयाच्या निरोगी बाळात पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक लिम्फोसाइट असतात आणि त्यांची संख्या तीन हजारांच्या खाली जात नाही. आकडा माझ्या हातात होता. मी फक्त गुणाकार केला नव्हता, आणि माहेरच्या घराण्याबद्दलचा प्रश्न विचारला नव्हता.

निदान प्रयोगशाळेत सिद्ध झाले नाही. तशा तपासण्या तेव्हा आपल्या गावात होत नव्हत्या. पण आईच्या माहेरकडून मुलग्यांत उतरणारी, जन्मजात तीव्र प्रतिकारहीनता असेच त्या चित्राचे वर्णन पाठ्यपुस्तकात आहे. थ्रश हा त्या बाळाचा आजार नव्हता; तो आजाराने धाडलेला निरोप होता. मी निरोप्यावर औषधोपचार करीत राहिलो.

त्वचेचा तट आणि त्यामागचे सैन्य

आपल्या भोवती बुरशीची बीजे सदैव असतात. हवेत, मातीत, मांजराच्या केसांत आणि आपल्या स्वतःच्या अंगावरही. तरीही बहुसंख्य माणसे बहुतेक काळ निरोगी राहतात. यामागे संरक्षणाची तीन वलये आहेत.

पहिले वलय म्हणजे त्वचेचा बाहेरचा, मृत पेशींचा थर. तो केराटिन या चिवट प्रथिनाचा बनलेला असतो आणि सतत झडत राहतो. बहुतेक बुरशींना केराटिन पचवता येत नाही. ट्रायकोफायटॉन, मायक्रोस्पोरम आणि एपिडर्मोफायटॉन ही तीन कुळे मात्र केराटिनवरच जगतात, नायटा त्यांचाच. पण त्यांनाही जिवंत पेशींच्या थरात उतरता येत नाही. आतले तापमान त्यांना मानवत नाही, आणि बुरशीला वाढीसाठी लागणारे लोह रक्तद्रवातील प्रथिनांनी बांधून ठेवलेले असते. त्यामुळे नायटा कातडीच्या वरच्या पदरातच राहतो.

दुसरे वलय न्यूट्रोफिल पेशींचे. बुरशीचा धागा रक्तात वा अवयवात शिरू पाहील, तर त्याला गाठून मारणारे हे शिपाई.

तिसरे वलय टी-लिम्फोसाइटचे. हे शत्रूची ओळख ठेवतात आणि इतरांना हाक देतात. त्यांतील एक गट इंटरल्युकिन-17 नावाचा संदेश सोडून त्वचेत व तोंडाच्या अस्तरात न्यूट्रोफिलना बोलावून घेतो. या संदेशाच्या वाटेत जन्मजात दोष असेल, तर तोंड, नखे आणि त्वचा यांवर कॅन्डिडा वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो. असे काही जनुकीय दोष 2011 मध्ये उघडकीस आले आणि ही साखळी स्पष्ट झाली.

यातून एक उपयुक्त नियम हाती येतो. टी-लिम्फोसाइट कमी पडले, तर बुरशी पृष्ठभागावर माजते: तोंडात, अन्ननलिकेत, नखांत. न्यूट्रोफिल कमी पडले, तर ती रक्तात आणि अवयवांत घुसते. संसर्ग कुठे आहे, यावरून कोणते वलय तुटले आहे याचा अंदाज बांधता येतो.

सुदृढ मुलातील बुरशी

आधी नित्याचे चित्र पाहू, कारण शंभरांतील बहुतेक मुले याच गटातली असतात.

*अंगावरचा नायटा.* बुरशी एका बिंदूपासून बाहेर पसरते. मागे राहिलेला मध्य दाहामुळे निवळतो. म्हणून कडा उठावदार व खवलेदार आणि मध्य स्वच्छ, असे कडे तयार होते. तपासणीसाठी खरवड घ्यायची ती याच कडेवरची. दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की फांद्या फुटलेले बुरशीचे धागे दिसतात. या तपासणीला खर्च नाममात्र येतो, आणि आपल्यापैकी अनेकांनी ती विद्यार्थिदशेनंतर केलेली नाही.

*डोक्यातील नायटा.* हा मुख्यतः वयात न आलेल्या मुलांचा आजार. केस मुळाशी तुटतात, काळे ठिपके दिसतात, कोंड्यासारखे खवले पडतात. बुरशी केसाच्या मुळाशी असल्याने नुसत्या मलमाचा उपयोग होत नाही. पोटातून औषध द्यावेच लागते. ग्रिसिओफुल्व्हिन द्यायचे असेल, तर सायीच्या दुधाबरोबर किंवा स्निग्ध जेवणाबरोबर, आणि सहा ते आठ आठवडे. ट्रायकोफायटॉनवर टर्बिनाफिन, तर मायक्रोस्पोरमवर ग्रिसिओफुल्व्हिन सरस ठरते. कधी डोक्यावर मऊ, पू वाहणारी मोठी गाठ येते; तिला कीरिऑन म्हणतात. हे गळू नव्हे. त्यावर सुरी चालवू नये. औषधाने ते विरते.

*दुपट्याखालचे पुरळ.* ओल्या दुपट्याच्या घर्षणाने आलेली लाली उंच भागांवर असते आणि जांघेच्या घड्या मोकळ्या राहतात. कॅन्डिडाची लाली घड्यांत शिरते आणि कडेबाहेर लहान लहान पुटकुळ्यांचे ठिपके सोडते. प्रतिजैविकाच्या कोर्सनंतर ती हमखास दिसते.

*शिबे.* घामट त्वचेवर राहणाऱ्या मॅलॅसेझिया बुरशीचे हे फिकट वा तपकिरी चट्टे. यांचा पांढऱ्या कोडाशी संबंध नाही, हे आईला पहिल्याच भेटीत सांगावे; तिची निम्मी चिंता तिथेच मिटते. बुरशी गेल्यावरही रंग भरून येण्यास काही महिने लागतात, हेही सांगावे. नाहीतर ती दर महिन्याला नवे मलम घेत राहते.

*तोंडातील थ्रश.* पहिल्या काही महिन्यांत हा साधा असतो. दमा असलेल्या मोठ्या मुलात श्वासातून घेतलेल्या स्टेरॉइडमुळेही तो येतो. त्यावर उपाय म्हणजे स्पेसर वापरणे आणि औषधानंतर चूळ भरणे.

घरातील एका मुलाला नायटा असेल, तर सर्वांचे अंग पाहावे. पंचा, कंगवा आणि अंतर्वस्त्रे वेगळी ठेवावीत. पावसाळ्यात ऊन नसेल, तर कपडे गरम पाण्यात धुऊन इस्त्री करून घालावेत. चट्टा दिसेनासा झाल्यावरही मलम आणखी एक-दोन आठवडे, कडेच्या बाहेर दोन बोटे जागा सोडून, लावीत राहावे.

नळीतून येणारी दुर्बलता

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या साध्या आजाराचे रूप बदलले. ज्या नायट्याला पूर्वी दोन-तीन आठवड्यांचे मलम पुरत असे, तो आता घरभर पसरून महिनोन्महिने राहतो. सहा महिन्यांच्या तान्ह्यापासून आजीपर्यंत साऱ्यांच्या अंगावर चट्टे, असे कुटुंब आज आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले असेल.

याचे एक मोठे कारण औषधाच्या दुकानात मिळणारी मिश्रमलमे आहे. एकाच नळीत तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक. स्टेरॉइडमुळे दुसऱ्याच दिवशी खाज थांबते, लाली मावळते, आणि रोगी औषधाची शिफारस शेजाऱ्याला करतो. पण लाली हा रोग नव्हता. ती आपल्या पेशींची लढाई होती. ती थांबल्यावर बुरशी बिनबोभाट पसरते. कड्याची ओळखीची कडा पुसली जाते आणि निदान चुकते. अशा वेष पालटलेल्या नायट्याचे वर्णन 1968 मध्येच झालेले आहे. तान्ह्या बाळाच्या दुपट्याखाली असे मलम लावले, तर ते त्वचेतून शोषले जाऊन बाळाचा चेहरा सुजतो आणि वाढ खुंटते.

म्हणजे, निरोगी मुलाच्या वीतभर त्वचेपुरती प्रतिकारशक्ती आपणच विकत आणून मारतो. केंद्र सरकारने 2018 मध्ये त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइडांचा समावेश अनुसूची 'एच' मध्ये केला. ती चिठ्ठीविना विकता येत नाहीत. मात्र चिठ्ठी लिहिणारे हात आपले आहेत.

याच काळात बुरशीही बदलली. भारतात व शेजारच्या देशांत पसरलेल्या ट्रायकोफायटॉनच्या एका प्रकाराला 2020 मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव मिळाले. टर्बिनाफिन ज्या विकरावर काम करते, त्याच्या जनुकात बदल झाल्याने यातील अनेक बुरशी त्या औषधाला दाद देत नाहीत. 2023 मध्ये न्यू यॉर्कमध्येही असे रुग्ण नोंदवले गेले. आपल्या देशाचे नाव एखाद्या बुरशीला मिळावे, ही भूषणाची बाब नव्हे.

तट ढासळतो तेव्हा

आता दुसरी बाजू. बुरशी बहुधा तीच असते. पण ज्याच्या अंगावर ती आली, तो रोगी वेगळा असतो.

अपुऱ्या दिवसांच्या, एक किलोहून कमी वजनाच्या अर्भकाची त्वचा कागदासारखी पातळ असते. पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मतःच आलेले कॅन्डिडाचे पुरळ सहसा निरुपद्रवी ठरते. या अर्भकात तेच पुरळ रक्तातील संसर्गाची वर्दी असते आणि शिरेतून औषध सुरू करावे लागते.

रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलात न्यूट्रोफिल घटलेले असताना ताप आणि अंगावर विखुरलेल्या लाल गाठी दिसल्या, तर कॅन्डिडा रक्तात पोचला असे समजावे. एखादा चट्टा मध्ये काळा पडू लागला, तर अॅस्परजिलस किंवा म्यूकर या बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून तेथील रक्तपुरवठा तोडीत आहेत, अशी शंका धरावी. अशा वेळी मलम देऊन उद्या या म्हणणे म्हणजे रात्र गमावणे. त्वचेचा तुकडा त्याच दिवशी तपासणीस जावा. सलाईनच्या पट्टीखालची त्वचाही रोज पाहावी. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत चिकटपट्टीतून ऱ्हायझोपस बुरशीचे संसर्ग झाल्याचे उघड झाले होते.

2021 च्या कोरोना लाटेत हे चित्र साऱ्या देशाने पाहिले. अनियंत्रित मधुमेह आणि बेसुमार स्टेरॉइड यांच्या जोडीने म्यूकरमायकोसिस फैलावला. मे 2021 मध्ये केंद्राने राज्यांना त्याची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. म्यूकरची बीजे नवी नव्हती. ती शिळ्या भाकरीवर पूर्वीही होती. बदलला होता तो माणूस.

एच. आय. व्ही. बाधित मुलात पहिल्या सहा-आठ आठवड्यांनंतरही टिकून राहणारा थ्रश ही महत्त्वाची खूण आहे. येथे एक खबरदारी: दीड वर्षाच्या आतील बाळात आईकडून आलेली प्रतिपिंडे तपासणीत दिसतात, म्हणून विषाणूचा थेट शोध घेणारी तपासणी करावी लागते. तसेच, दुपटे सुटलेल्या मुलीला जननेंद्रियाजवळ कॅन्डिडाचा संसर्ग वारंवार होत असेल, तर मलमाआधी रक्तातील साखर पाहावी. मधुमेहाचे पहिले दर्शन असेही घडते.

आणि शेवटी, ज्याच्यापासून हा लेख सुरू झाला ते बाळ. जन्मजात तीव्र प्रतिकारहीनतेत टी-लिम्फोसाइट जवळजवळ नसतात. थ्रश, जुलाब, खुंटलेले वजन आणि न्यूमोनिया ही त्याची चौकडी. अशा बाळाला जिवंत जंतूंची लस देऊ नये, बी. सी. जी. सुद्धा त्याच्या अंगात पसरू शकते. रक्त द्यावे लागले, तर ते किरणोत्सारित असावे. अस्थिमज्जा-प्रत्यारोपण पहिल्या साडेतीन महिन्यांत झाले, तर नव्वद टक्क्यांहून अधिक बाळे वाचल्याची नोंद आहे. जसजसे संसर्ग होत जातात, तसतशी ही संधी आटत जाते. माझ्याकडे ते बाळ दुसऱ्या महिन्यात आले होते.

चिठ्ठी लिहिण्यापूर्वी

तेव्हापासून बुरशीचा संसर्ग असलेले प्रत्येक मूल पाहताना मी स्वतःला पाच प्रश्न विचारतो. तरुण सहकाऱ्यांसाठी ते येथे देतो.

एक: या वयाला हा संसर्ग शोभतो का? दोन महिन्यांच्या बाळाच्या तोंडातला थ्रश शोभतो. दोन वर्षांच्या मुलातला, कारणाशिवाय, शोभत नाही.

दोन: योग्य औषधाने तो जातो का, आणि गेल्यावर परत येतो का? दुसऱ्यांदा परतलेल्या थ्रशला तिसरे औषध नव्हे, तर रक्ततपासणी हवी.

तीन: मुलाची वाढ कशी आहे? वजनाचा आलेख हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे.

चार: लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या किती? टक्केवारी वाचून थांबू नये. एकूण संख्येशी गुणाकार करावा. बाळात ती तीन हजारांच्या खाली असेल, तर कारण सापडेपर्यंत पाठपुरावा करावा.

पाच: घराण्यात, विशेषतः आईच्या माहेरी, लहानपणी कोणी मुलगा गेला आहे का? हा प्रश्न आईला एकटीला, हळुवारपणे विचारावा.

या पाच प्रश्नांना पाच मिनिटे पुरतात. बहुतेक वेळा उत्तरे समाधानकारक येतात. मग साधे मलम द्यावे, कोरडे कपडे घालायला सांगावे आणि आईला निश्चिंत मनाने घरी पाठवावे. विनाकारण भय घालणे हाही उपचारातील दोषच आहे.

ती माऊली चार वर्षांनी पुन्हा दवाखान्यात आली. दुसऱ्यांदा दिवस गेले होते. मुलगा झाला. या खेपेस बी. सी. जी. थोडी थांबवून पहिल्याच आठवड्यात बाळाचे रक्त तपासले. अहवाल आला, तेव्हा तिच्यासमोरच कागद-पेन घेऊन मी गुणाकार केला. आकडा चार हजारांच्या वर होता. पुढे टी-लिम्फोसाइटची मोजणी बाहेरगावी करून आणली, तीही उत्तम आली. तेव्हा कुठे बाळाला लस टोचली.

तिसऱ्या आठवड्यात त्या बाळाच्याही तोंडात पांढरा थर आला. तिचा चेहरा पाहवत नव्हता. मी थेंब लिहून दिले आणि दर दोन दिवसांनी बाळ दाखवायला सांगितले. आठवड्याने थर गेला, तो पुन्हा आला नाही. ती बुरशी फक्त बुरशीच होती.